झेंडूतून नवरी

पातूर तालुक्यात गेल्या वीस वर्षांत ज्यांची लग्नं लागली, त्यातल्या निम्म्या पोरी झेंडूच्या फुलातून बाहेर आलेल्या आहेत. लग्नाच्या व्हिडिओत आधी एक हिरवीगार कळी दिसते. ती हळूच उमलते, पाकळीवर पाकळी फुटत टीव्हीचा अख्खा पडदा केशरी होतो, आणि फुलाच्या मधोमध मुंडावळ्या बांधलेली नवरी हात जोडून उभी राहते. मागे सनई. हे पाहून जिचा पदर डोळ्याला लागला नाही अशी नवरीची आई तालुक्यात शोधून सापडायची नाही.

ही करामत शेखरची. एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान. पाटीवर ठळक अक्षरांत 'प्राजक्ता व्हिडिओ शूटिंग अँड मिक्सिंग', आणि प्राजक्ता म्हणजे त्याची एकुलती एक लेक. ती जन्मली त्याच वर्षी दुकान टाकलं, म्हणून नाव तिचं. मिशीला कलप लावणारा, कुणाच्याही लग्नात नवरदेवाच्या काकाला 'जरा बाजूला सरका' म्हणायची हिंमत असलेला हा गडी. पण त्याच्या कॉम्प्युटरला कुणी नावं ठेवली की लहान पोरासारखा रुसून बसायचा.

तो कॉम्प्युटर कधीकाळी पांढरा होता, आता जुन्या तुपाच्या रंगाचा झाला होता. चालू केला की आधी आतला पंखा घरघरायचा, मग बऱ्याच वेळानं निळं आभाळ आणि हिरवी टेकडी उगवायची. विंडोज एक्सपी. कंपनीनं त्याच्यावरून हात काढून घेतल्याला वर्षं लोटली होती. शाळांनी टाकला, ग्रामपंचायतींनी टाकला. शेखरनं टाकला नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "हे टेकडी कोठची हाये गा?" तर शेखर बिनधास्त सांगायचा, "आपल्याच घाटातली. पावसाळ्यात काढला फोटो." एका नवरदेवानं तर लग्नाआधीचे फोटो त्याच टेकडीवर काढायचे म्हणून हट्ट धरला होता, आणि त्याची समजूत काढता काढता शेखरच्या नाकी नऊ आले होते.

बदलायचं म्हटलं तर अडचण खरीच होती. मिक्सिंगचं सॉफ्टवेअर त्याच काळातलं, आणि ते फक्त एक्सपीवर चालायचं. नव्या विंडोजवर ते उघडतच नव्हतं. म्हणून शेखरनं या कॉम्प्युटरला कधी इंटरनेट लावलं नाही, कुणाचा पेनड्राइव्ह धड तपासल्याशिवाय खोचू दिला नाही. बायकोनं, मंजुषानं, जुन्या नऊवारीची खोळ शिवून दिली होती. ती म्हणायची, "मले ताप आला तं इतकी काळजी नाई करत हा मानूस." लोक म्हणायचे, अकोल्याहून नवा आण. शेखरचं उत्तर ठरलेलं असायचं. "चालून राहिला न? मंग?"

पण खरं कारण सॉफ्टवेअर नव्हतं. खरं कारण ते फूल होतं.

शेखरचं घर फुलवाल्यांचं. गावाबाहेर त्यांचा मळा, तिथं शेवंती, गलांडा आणि झेंडू. आई पार्बताबाई सत्तरी ओलांडूनही रोज सकाळी मळ्यात हजर. शेखरला फुलं तोडण्याचा लहानपणापासून कंटाळा, म्हणून तो कॅमेऱ्याकडे वळला. पण फुलांनी काही त्याला सोडलं नाही. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा त्यानं मळ्यातल्या एका कळीसमोर स्टँड रोवला आणि ती पुरती उमलेपर्यंत रोज तिचे फोटो काढले. मागचं वावर दिसू नये म्हणून कळीच्या पाठीमागे काळं कापड धरायला माणूस पाहिजे होता. घरात मोकळं माणूस एकच होतं, पाच वर्षांची प्राजक्ता. ती दोन्ही हातांनी कापड धरून उभी राहायची आणि "झालं का बाबा?" असं दर श्वासाला विचारायची. शेवटच्या फोटोंत कापडाच्या कडेवरून तिचं एक बोट आलं. करंगळीएवढं, मातीनं भरलेलं.

ते बोट तालुकाभर गेलं. फूल पूर्ण उमललं की उजव्या कोपऱ्यात खाली ते दिसायचंच. चोखंदळ गिऱ्हाईक विचारायचं, "शेखरभाऊ, हे बोट कोनाचं? काढता नाई येत काय?" शेखर मान हलवून म्हणायचा, "काय करता बाप्पा, एक्सपीत निंगत नाई." आणि गिऱ्हाईकाला ते पटायचं, कारण एक्सपीबद्दल शेखरहून जास्त कुणाला ठाऊक होतं?

प्राजक्ता मोठी झाली, अमरावतीला शिकली, तिथंच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. उन्हाळ्यात तिची सोयरीक जुळली. मुलगा अकोल्याचा, शिवम; वडील खुशालराव भाजीबाजारातले जुने व्यापारी, मोकळा आणि मोठ्या आवाजाचा माणूस. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं. त्या दिवसापासून शेखरच्या डोक्यात एकच होतं. इतक्या लोकांच्या पोरी फुलातून काढल्या, आता आपली काढायची. सनई कोणती घ्यायची, फूल किती वेळ थांबवायचं, हे त्यानं मनात पक्कं करून टाकलं होतं.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी प्राजक्ता दुकानात आली. खोळ काढलेल्या कॉम्प्युटरकडे पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"बाबा, एक सांगू? रागवसान नाई न?"

"बोल न माय."

"लग्नाचा व्हिडिओ तुमीच करा. शिवमचे दोस्त नागपूरचा कोनी पाहून राहिले होते, मी नाई म्हटलं. पन या खटाऱ्यावर नाई करायचा. मी नवा लॅपटॉप आनून देतो, त्याच्यावर करा." मग हसत हसत, लग्नाळू पोरी हसतात तसं, तिनं पुढचं बोलून टाकलं. "आन ते फुलातून निंगनं मले नको हं बाबा. होस्टेलवर एका पोरीनं तिच्या बहिनीच्या लग्नाचा व्हिडिओ दाखवला होता, आपल्याच दुकानातला. सगळ्या पोरी पोट धरू धरू हासल्या. मी सांगितलंबी नाई का हे माह्या बाबानं केलं म्हनून."

शेखर हसला. हसायलाच पाहिजे होतं. "बरं," म्हणाला. पण ती गेल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर खोळ चढवली आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. त्याला फार वाईट वाटलं होतं. फुलाबद्दल नाही, ती होस्टेलात गप्प बसली त्याबद्दल.

पोळ्याच्या सुमाराला लॅपटॉप आला. पातळ, राखाडी, बोट लावलं तरी उमटेल असा. प्राजक्तानं तो सुरू करून दिला, नवं सॉफ्टवेअर टाकून दिलं, अमरावतीहून रोज फोन करायची. "शिकून राहिले न बाबा?" "शिकून राहिलो न," शेखर म्हणायचा, आणि समोर जुन्या पडद्यावर कुणाचीतरी वरात चाललेली असायची.

तसे दोन-चार प्रयत्न त्यानं केले. पहिल्या दिवशी लॅपटॉपनं त्याला नाव विचारलं, मग पासवर्ड, मग मोबाइल नंबर, आणि शेवटी तू माणूसच आहेस ना ते सिद्ध कर म्हणून बसचे फोटो ओळखायला लावले. शेखर तणतणत घरी आला. "माह्या दुकानात, माह्या खुर्चीवर बसून मलेच इचारते, मानूस हायेस काय म्हनून! जुन्यानं कधी इचारलं नाई." दुसऱ्या दिवशी लॅपटॉप स्वतःच बंद पडून स्वतःच चालू झाला आणि अपडेट होत बसला. शेखर त्याच्यासमोर चहा घेऊन बसला, चहा संपला, दुसरा आला, तोही संपला. मग त्यानं त्याचं झाकण मिटलं आणि वर नऊवारीची खोळ टाकली. जुना उघडाच राहिला, कारण तो कामात होता.

दसरा आला. त्याआधीच्या दोन दिवसांत मळ्यातला सगळा झेंडू तोडून अकोल्याला गेला होता, वाफ्यांत आता फक्त दिवाळीसाठी राखलेल्या कळ्या होत्या. प्राजक्ता सणाला अमरावतीहून येणार होती. इकडे शेखरची पंचाईत झाली होती. बाळापूरच्या एका लग्नाचं मिक्सिंग जुन्या कॉम्प्युटरवर लावलेलं होतं, आणि त्याला ते काम उरकायला दिवस दिवस लागायचा. बंद केला तर सगळं पहिल्यापासून. लेकीनं पाहिलं तर दीड महिन्याची थाप उघडी पडायची. त्यानं डोकं चालवलं. कॉम्प्युटर चालूच ठेवून मागच्या कोपऱ्यात सरकवला, पडदा बंद केला, समोर लग्नाच्या बॅकग्राउंडचा मोठा कपडा टांगला, ज्यावर धबधबा आणि दोन मोर होते. मग टेबलावर ऐटीत लॅपटॉप मांडला आणि लेकीला आणायला स्टँडवर गेला.

दसऱ्याला दुकानातली हत्यारं पुजायची ही घरची रीत. कॅमेरा, स्टँड, लाइट, वायरीसुद्धा. पूजा पार्बताबाईच करायच्या. वावरातलं विळं-खुरपं जसं आधी धुऊन पुसून मग पाटावर मांडतात, तसंच दुकानातलंही सगळं ओल्या फडक्यानं पुसून घ्यायच्या आणि मग हळद-कुंकू लावायच्या. दरवर्षी कॉम्प्युटर आधी बंद करून, वायर काढून द्यायचं काम शेखरचं. या वर्षी टेबलावर नवाच पाहुणा पाहून म्हातारी थबकली. कुंकवाचं बोट तिनं त्याच्या झाकणावर टेकवलं खरं, पण मन भरलं नाही. जुना कुठं गेला म्हणून तिनं मोराचा कपडा उचलला, तर तो बिचारा अंधारात घरघरत बसलेला.

"पाह्य बाई," ती मंजुषाला म्हणाली, "इतके वर्सं राबला आन सनाच्या दिवशी कोपऱ्यात घातला. आपल्याच्यानं असं नाई होत."

तिनं त्याला मनापासून पुसलं, नेहमीपेक्षा जास्तच. फडकं चांगलं ओलं होतं. वर गळ्यात हार घातला. मग तांब्यात फूल बुडवून पाणी शिंपडलं, एकदा समोरून, एकदा वरून, आणि जिथून पंखा फिरताना दिसत होता त्या जाळीतून एकदा आत, कारण देव आतही असतो.

शेखर आणि प्राजक्ता दारात पोचले तेव्हा आरती चालली होती. दोघंही चपला काढून हात जोडून उभे राहिले. मोरांच्या मागून निळसर धूर येत होता, आणि आरती म्हणता म्हणता शेखरला वाटलं, आईनं या वर्षी उदबत्त्या जरा जास्तच लावल्या. मंजुषालाही तेच वाटलं. प्राजक्तानंच आधी नाक उचललं.

"आजी, ह्या उदबत्तीले प्लास्टिकचा वास काहून येऊन राहिला वं?"

तेवढ्यात मागं फट्ट झालं, आणि पंखा थांबला. इतक्या वर्षांची घरघर बंद पडली तेव्हा त्या दुकानात किती शांतता आहे ते पहिल्यांदा सगळ्यांना कळलं.

पुढं काय झालं हे सांगण्यात मजा नाही. शेखर दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन एसटीनं अकोल्याला गेला. दुरुस्तीवाल्यानं उघडला, तर आत अक्षता आणि झेंडूची एक पाकळी निघाली. तो म्हणाला, डिस्क जिती आहे, पण बोर्ड जळून गेला. त्या डिस्कमधलं फूल जुन्या सॉफ्टवेअरशिवाय उघडणार नाही, सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालणार नाही, आणि या एक्सपीला पाहिजे तसा बोर्ड आता भंगारातही मिळायचा नाही. शेखर तरीही भंगारवाल्यांच्या गल्लीतून फिरून आला. मूळ फोटो त्यानं कधीच वेगळे ठेवले नव्हते. ठेवायची गरजच वाटली नव्हती, कॉम्प्युटर चालून राहिला होता ना.

घरी आला आणि ओसरीवर बसला. थाप तर उघडी पडलीच होती. पार्बताबाई खांबाला टेकून अपराध्यासारख्या बसल्या होत्या आणि मंजुषानं चहा ठेवला होता. शेखर लेकीकडे न पाहता म्हणाला, "नागपूरवाल्याइले फोन करून दे. चांगले हायेत ते. मी आपला मांडवात बसतो, नवरीचा बाप म्हनून."

प्राजक्तानं फोनला हात लावला नाही. पार्बताबाईंना मात्र राहवेना.

"अरे, पन गेलं काय असं त्याच्यातून?"

"फूल गेलं माय. झेंडूचं."

"फूल?" म्हातारीला खरंच समजेना. "झेंडूचं फूल गेलं म्हनून तू रडून राहिला? अरे, बारा महिने वावरात हायेत झेंडू. दिवाळीच्या कळ्या भरल्या हायेत तिकडं. उद्या जाय आन काढ नवा फोटो. म्या तुह्या मशीनले पानी पाजलं खरं, पन त्याच्यातलं ते काय शेवटचं फूल होतं?"

मंजुषाला हसू फुटलं. शेखरला आलं नाही. "लेकीले नको हाये ते फूल, माय. आन कोनासाठी काढू आता?"

मग प्राजक्ता बोलली. आवाज शिकवणाऱ्या बाईंचा होता, पण बारीक झाला होता.

"बाबा, ते बोट तुमी काहून नाई काढलं कधी?"

"कोनतं बोट?"

"माह्यं. कोपऱ्यातलं. एक्सपीत निंगते ते, बाबा. मी आमच्या क्लासात जुन्या कॉम्प्युटरवर पोरायले पहिल्या हप्त्यातच ते शिकवत होतो. अर्ध्या घंट्याचं काम हाये. तुमाले येत नसन हे मी मरेपर्यंत खरं मानत नाई."

शेखरनं चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, खाली ठेवला. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाईकानं त्याला असं पकडलं नव्हतं. तो उठून हातपाय धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तर घरात प्राजक्ता नव्हती आणि आईही नव्हती. थोड्या वेळानं फोन वाजला.

"बाबा, कॅमेरा घेऊन मळ्यात या. आजीनं कळी हेरून देली एक, मस्त हाये. आन माह्यी काळी ओढनी हाये, मी धरून उभी राहतो. स्टँड विसरू नका."

शेखर गेला. गेला म्हणजे अर्धा पळतच गेला, एका पायात मंजुषाची चप्पल होती हे त्याला मळ्यात पोचल्यावर दिसलं. विहिरीपलीकडच्या वाफ्यात पार्बताबाई एका झाडाजवळ उकिडव्या बसल्या होत्या, आणि त्या झाडामागं, चिखलात उतरून, दोन्ही हातांनी ओढणी ताणून त्याची लेक उभी होती.

"तुले तं नको होतं न फूल?" तो म्हणाला.

"होस्टेलवर सांगितलं नाई न मी, का हे माह्या बाबानं केलं म्हनून. आता सासरच्या सगळ्याइले सांगायचं हाये." ती हसली, पण डोळे भरले होते. "मले वाटे, तुमी त्या खटाऱ्याले धरून बसले. मले काय माहीत, तुमी माह्या बोटाले धरून बसले म्हनून."

शेखर कॅमेऱ्यात डोळा घालून बसला. कॅमेऱ्यामागं एक बरं असतं, तोंड कुणाला दिसत नाही. पहिला फोटो थोडा हलला, त्यानं दुसरा घेतला.

प्राजक्तानं अमरावतीला फोन करून सुट्टी वाढवून घेतली. कळी उमलेपर्यंत सकाळ, दुपार, संध्याकाळ असा त्यांचा नेम झाला. "झालं का बाबा?" असं ती दर वेळी मुद्दाम विचारायची. मधल्या वेळात दुकानात लॅपटॉपचे धडे. या वेळी शेखर खरोखर शिकला. शिकणं भाग होतं, कारण फूल आता त्याच्यातच होतं. दोन बोटांनी पडदा सरकवायचा, तीन बोटांनी काहीतरी भलतंच होतं, हे त्याला हळूहळू उमगलं. जे काम जुना कॉम्प्युटर दिवसभर करायचा ते लॅपटॉपनं चहा थंड व्हायच्या आत केलं, तेव्हा शेखरनं दोनदा तपासून पाहिलं. "एवढ्यात कसं झालं? काहीतरी राहून गेलं असन," तो म्हणत राहिला. काही राहिलेलं नव्हतं. संध्याकाळी त्यानं मंजुषाला हळूच सांगितलं, "तसा बरा हाये वं हा." एवढं कौतुक त्यानं जावयाचंही केलं नव्हतं.

एक दिवस दोघं शेवटचे फोटो पाहत बसले होते. फूल पूर्ण उमललेलं, पडदाभर, जुन्यापेक्षा दसपट स्वच्छ. पाकळीवरची धूळसुद्धा दिसत होती. आणि उजव्या कोपऱ्यात खाली, ओढणीच्या कडेवरून, एक बोट. साखरपुड्याची अंगठी असलेलं, मातीनं भरलेलं. ते चुकून आलं की मुद्दाम, हे शेखरनं विचारलं नाही.

"हे एका क्लिकमधी निंगते आता, बाबा," प्राजक्ता म्हणाली. "याच्यावर ठेवा बाण, आन दाबा."

शेखरनं बाण नेला. बोटावर आणून ठेवला. मग तसाच सरकवत सरकवत कोपऱ्यातून बाहेर काढला आणि पुढचा फोटो उघडला. प्राजक्ताही पुढचा फोटो पाहायला लागली.

लग्न झालं. थाटात झालं. शेखर मांडवात बसला, नवरीचा बाप म्हणून, आणि शूटिंगला बाळापूरचा त्याचा एक जुना जोडीदार होता, ज्याला शेखरनं मंगलाष्टकं चालू असताना चार वेळा 'जरा बाजूला सरक' अशी खूण केली. पाठवणीच्या वेळी मात्र त्याच्या हातात कॅमेरा नव्हता. वीस-पंचवीस वर्षांत त्यानं शेकडो पोरींची पाठवणी भिंगातून पाहिली होती, आणि रडणाऱ्या बापांना प्रकाशाकडे तोंड करायला सांगितलं होतं. उघड्या डोळ्यांनी ही पहिलीच. तो इतका रडला की पार्बताबाईंनी त्याला पदरानं पुसलं, आणि जोडीदारानं तेवढंही टिपून घेतलं.

लेक-जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा खुशालराव आणि सगळे व्याही मंडळीही आले. जेवणं झाली. पाट उचलायच्या आधीच खुशालरावांनी फर्मान सोडलं, "इवाई, कॅसेट लावा!" पेनड्राइव्ह असला तरी कॅसेटच. शेजारपाजार गोळा झाला, पोरं पुढं बसली, म्हाताऱ्या खुर्च्यांवर. दिवे घालवले.

आधी हिरवी कळी आली. शेखरनं श्वास धरून ठेवला होता. कळी हलली, उमलायला लागली, पाकळीवर पाकळी फुटत सगळा पडदा केशरी झाला, आणि सनई वाजली. पार्बताबाई अंधारात म्हणाल्या, "माह्या वावरातलं हाये ते." आणि फुलाच्या मधोमध मुंडावळ्या बांधलेली प्राजक्ता हात जोडून उभी राहिली, हसू दाबत, डोळ्यांत पाणी. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मंजुषाचा पदर डोळ्याला गेला. शिवम बायकोकडे पाहत होता, पडद्याकडे नाही. प्राजक्तानं शेजारच्या नव्या नणंदेला कोपरानं ढोसलं आणि मोठ्यानं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "माह्या बाबानं केलं हे."

खुशालराव मात्र भाजीबाजारातला माणूस. टोपलीतला एक किडका टोमॅटो लांबून ओळखणारा. ते पुढं वाकले.

"इवाई, सगळं झकास हाये. पन कोपऱ्यात हे बोट कोनाचं? नवा लॅपटॉप घेतला म्हनता, हे काढता नाई आलं काय?"

शेखरनं घसा खाकरला. मान हलवली, अगदी वीस वर्षांच्या सवयीनं.

"काय करता इवाई, नव्या विंडोजमधीबी निंगत नाई ते."

खुशालरावांनी सुनेकडे पाहिलं. शेवटी कॉम्प्युटरची मास्तरीण ती होती. प्राजक्तानं अंगठीचा हात पदराखाली घेतला आणि तोंडावरची रेषही न हलवता सांगितलं,

"खरंच नाई निंगत, मामाजी. म्या सोता करून पाह्यलं."